सोळा-सोळाच्या दोन रॅम

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही फाईलवर ऑडिटवाल्यांना आक्षेप काढता आला नाही, हे मी पूर्वी चारचौघांत छाती काढून सांगायचो. हल्ली सांगत नाही.

मी श्यामसुंदर. एका सरकारी उपक्रमाच्या खरेदी विभागात होतो. टाचणी घ्यायची असो नाहीतर ट्रान्सफॉर्मर, आमच्याकडे रीत एकच. तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, अटींत बसणाऱ्यांपैकी सगळ्यात कमी दराचा निवडायचा आणि मग सही. तीन म्हणजे तीन. दोनच आली तर तिसरं येईपर्यंत थांबायचं. लेटरहेड नाही, जीएसटी नंबर नाही, दर किती दिवस लागू राहणार ते लिहिलेलं नाही, की कोटेशन अपात्र. वस्तूची निकड किती, हा प्रश्न आमच्या विभागाचा नव्हताच. निकड मागणाऱ्याची, नियम आमचे.

ही सवय मी घरीही आणली. मिक्सर घ्यायला मला चार महिने लागले, आणि स्मितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते चार महिने चटण्या पाट्यावर वाटल्या. पण मिक्सर असा निघाला की अठरा वर्षं झाली, अजून कुरकुरलेला नाही. फ्रिजचं तसंच, पंख्यांचं तसंच. प्रत्येक वेळी वस्तू चांगली निघायची, मग मी आणखी ताठ व्हायचो.

गेल्या वर्षी मार्चअखेरीस मी निवृत्त झालो. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मी सोसायटीच्या वॉचमनची वही तपासायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात डाळींचे डबे कुठल्या क्रमानं लावावेत याबद्दल मी स्मिताला सूचना केली, तेव्हा ती हातातल्या झाऱ्यासकट माझ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही रोज कुठेतरी जात जा," ती म्हणाली.

जाणार कुठे? सानपाडा स्टेशनपर्यंत चालत जायचं, तिथल्या स्टॉलवर चहा प्यायचा आणि परत यायचं. पाऊण तास. उरलेला दिवस तसाच अंगावर यायचा.

आणि मग श्रुतीच्या कॉम्प्युटरचं निघालं. श्रुती आमची एकुलती एक, सत्तावीस वर्षांची. ती अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते. बिल्डरच्या जाहिरातीत तुम्ही बघता ना, चकचकीत टॉवर, खाली हिरवळ, हिरवळीवर पळणारं गोरंगोमटं पोर, ते सगळं कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून केलेलं असतं. दिवसा ती महापेच्या एका छोट्या कंपनीत हेच करायची आणि संध्याकाळी घरी स्वतःची कामं घ्यायची.

एप्रिलमध्ये एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, माझ्या मशीनला रॅम पुरत नाही हो. आठ जीबीच आहे. बत्तीस करून घेते."

'करून घेते' मला खटकलं. घेते म्हणजे?

"चौकशी केलीस का?" मी विचारलं.

"ऑनलाइन बघितली ना."

"ऑनलाइन!" मी हातातला घास खाली ठेवला. "आधी ती वस्तू काय आहे ते मला समजू दे. मी बघतो."

तिनं आईकडे पाहिलं. स्मितानं खाली मान घालून आमटी वाढली. "बरं बाबा," श्रुती म्हणाली.

तिच्याकडे तिचे स्वतःचे पैसे होते. हे मी मुद्दाम सांगतोय. मनात आणलं असतं तर त्याच रात्री चार बटणं दाबून तिनं ती मागवली असती. तिनं मागवली नाही, आणि मी समजलो की माझ्या निर्णयावर पोरीचा केवढा विश्वास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि मला समजावून सांगायला लागली.

"हे बघा, हार्ड डिस्क म्हणजे आपला माळा. सगळं सामान तिथं. रॅम म्हणजे ओटा. स्वयंपाक करताना लागेल ते आई ओट्यावर काढून ठेवते."

"आणि ते स्पीड म्हणतात ते?"

"ओट्यावरचं उचलायला आईचा हात किती भरभर चालतो, ते."

"मग हात भरभर चालणाराच हवा."

"बाबा, ओटाच वीतभर असेल तर हात भरभर चालून काय करायचंय? एक डबा काढायला दुसरा माळ्यावर चढवावा लागतो. माझं तेच होतंय. माझा ओटा लहान आहे. स्पीडचं तेवढं काही नाही."

"माझाही लहानच आहे," स्वयंपाकघरातून स्मिता म्हणाली.

म्हणजे उत्तर मला पहिल्याच दिवशी मिळालं होतं. पण त्या उत्तरात अभ्यास करण्यासारखं काही नव्हतं. बत्तीस जीबी म्हणजे बत्तीस जीबी, त्याचा तक्ता काय करणार? स्पीडमध्ये मात्र आकडे होते, आणि आकडे दिसले की मला तहानभूक सुचत नाही. मी दोनशे पानी वही आणली.

काय काय शिकलो मी! तिच्या मशीनमध्ये होती ती रॅम चोवीसशेच्या स्पीडची. मशीन बत्तीसशेपर्यंत सहज पेलू शकत होतं. बाजारात छत्तीसशेचीही मिळत होती. मी म्हणालो, मग छत्तीसशेच घेऊ. तेव्हा श्रुतीनं मला दुसरा आकडा दाखवला. एखादी गोष्ट मागितल्यावर ती हातात द्यायच्या आधी रॅम किती ठोके थांबते, त्याचा तो आकडा. बत्तीसशेवाली सोळा ठोके थांबत होती, छत्तीसशेवाली अठरा. मी तीन संध्याकाळी भागाकार करत बसलो. दोन्हीचं उत्तर एकच आलं, दहा नॅनोसेकंद. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातले दहा. चढ्या दराची वस्तू आणि उतरत्या दराची वस्तू मागितलेलं हातात द्यायला सारखाच वेळ घेते, हे सगळ्या दुकानदारांच्या नाकावर टिच्चून मी शोधून काढलं होतं.

मग जुन्या रॅमचा प्रश्न. चांगली चालू वस्तू काढून टाकायची, हे माझ्या गळी उतरेना. मी म्हणालो, नव्या दोन लाव आणि जुनीही राहू दे. श्रुती म्हणाली, "बाबा, जुनी आत राहिली तर नव्यासुद्धा तिच्याच चोवीसशेनं चालतील." हे मला पटायला तीन आठवडे गेले. बत्तीसची एकच घेण्यापेक्षा सोळा-सोळाच्या दोन घ्यायच्या, म्हणजे ये-जा करायला दोन वाटा मिळतात, हे शिकलो. आणि रॅम बसवून झाल्यावर आत एक सेटिंग चालू करावं लागतं, नाहीतर जलद रॅमही हळूच चालत राहते, हेही शिकलो. लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात आणि त्यांना पत्ताही नसतो. मला त्या लोकांची कीव यायची.

सात वाजले की माझे कान दाराकडे लागायचे. श्रुती यायची, हातपाय धुवायची आणि खुर्ची ओढून म्हणायची, "काय बाबा, आज काय सापडलं?" मी वही उघडायचो. ती माझी चूक दाखवायची, मी वाद घालायचो, ती हसायची. स्मिता पोह्यांच्या बशा आणून ठेवायची. पोरीच्या दहावीनंतर आमच्या दोघांचं बोलणं फीच्या पावत्यांपुरतंच उरलं होतं. मी ऑफिसातून यायचो, पेपर उघडायचो. ती तिच्या खोलीत. आणि आता रोज तासभर ती माझ्याशेजारी. मला त्या संध्याकाळी फार आवडायला लागल्या होत्या. त्या संपू नयेत म्हणून मी भिजत घोंगडं ठेवत होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय आहे. थोडं कळत होतं. एखाद्या कोटेशनची मुदत संपली तर मी हळहळायचो नाही, नवीन मागवायचो. त्याहून नव्या पिढीची रॅम आहे असं कळलं, तर मी वहीत नवा विभाग उघडला, मग तिच्यापायी श्रुतीला मशीनचा मदरबोर्डच बदलावा लागला असता तरी.

तिचं काम मात्र अडत होतं. फाईल उघडायला टाकून ती आंघोळीला जायची, आणि परत आली तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र तसंच. ताट हातात घेऊन मशीनसमोर बसून जेवायची, कारण उठली आणि ते अडकलं तर सगळं पहिल्यापासून. एक गिऱ्हाईक त्यापायी गेलं. मला हे दिसत होतं. निकड मागणाऱ्याची, नियम आमचे.

कोटेशनं तीन जागची. एक मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातलं, त्यासाठी मी जूनच्या घामात तिथवर जाऊन आलो. दुसरं वाशीच्या दिपेशचं. याचं दुकान एसी, बोलणं गोड, मला 'सर' म्हणायचा. आणि तिसरं घणसोली गावातल्या सुगतचं. गावठाणातल्या बोळात, वर भाडेकरूंच्या खोल्या आणि खाली दाराएवढं दुकान. हा पोरगा पोरीचं काम काय, मशीन कुठलं, एवढं ऐकूनच म्हणाला, "काका, स्पीडचं टेन्शन सोडा. बत्तीसशे लावा, डोळे झाकून. मॅडमचं काम साईझवर अडलंय. आजच घेऊन जा, मी येऊन बसवून देतो."

"कोटेशन दे आधी," मी म्हणालो.

त्यानं एका कुरिअरच्या पावतीमागे आकडा खरडून दिला. तिघांत तोच सगळ्यात कमी होता.

"लेटरहेड?"

"दुकानाला अजून बोर्ड नाय काका, लेटरहेड कुठून आनू?"

मी घरी येऊन तक्त्यात त्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: अपात्र.

ऑक्टोबर उजाडला. दिवाळी तोंडावर आली होती. एका गुरुवारी श्रुती चपला न काढताच आत आली. नॉर्वेच्या एका स्टुडिओनं तिला परीक्षा म्हणून काम पाठवलं होतं. जंगलाच्या मधोमध एक वाचनालय, भोवती चार हजार झाडं, मंगळवारपर्यंत चित्र हवं. त्यांना काय माहीत आमचं मंगळवारी लक्ष्मीपूजन. जमलं तर कायमची नोकरी, आणि तीही घरी बसून.

"म्हणजे मला हैदराबादला जायला नको, बाबा," ती म्हणाली. हैदराबादच्या एका कंपनीचं बोलावणं तिच्याकडे पंधरा दिवस पडून होतं, महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. "इथूनच करता येईल सगळं. आईच्या हातचं खाऊन."

स्मितानं लगेच देवापुढे साखर ठेवली. पोरगी घरात राहणार की नाही, एवढं सगळं त्या चार हजार झाडांवर येऊन ठेपलं होतं, आणि तीन माणसांच्या त्या घरात हे सगळ्यांना समजलं होतं. मलासुद्धा.

"ऑफिसच्या मशीनवर बाहेरचं काम चालत नाही. आपल्याच मशीनवर करावं लागेल. मी रॅम आत्ताच मागवते," श्रुती म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत येईल."

"मागवू नको," मी म्हणालो. "तक्ता तयार आहे. दिपेशची मंजूर केलीय. परवा धनत्रयोदशी, वस्तू घरात आणायला त्याहून चांगला दिवस नाही. मी स्वतः घेऊन येतो."

आणि मी तक्ता तिच्यापुढे धरला. फुटपट्टीनं रेघा मारलेला, दोन रंगांच्या शाईचा. ती तो बराच वेळ बघत राहिली.

"किती छान केलंय, बाबा," ती म्हणाली. "बरं. परवा."

शुक्रवारी सकाळी सुगतचा फोन आला. "काका, मार्केटमदे रॅमची बोंब झालीय. रोज रेट चडतोय. माज्याकडं सोळा-सोळाच्या दोन पडल्यात, तुमाला जुन्याच रेटनं देतो. या लवकर, बाजूला ठेवल्यात तुमच्यासाठी."

'दर वाढतायत, लवकर घ्या.' हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकलं होतं. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी दारातून परत पाठवलं होतं.

"तुझं कोटेशन बाद झालंय," मी म्हणालो.

"काय झालंय?"

"अपात्र ठरलंय."

"बरं काका. हॅप्पी दिवाळी."

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वाशीला गेलो. दिपेशनं दोन पाकिटं काउंटरवर ठेवली आणि दर सांगितला. कोटेशनच्या जवळजवळ दीडपट. मी खिशातून त्याचं लेटरहेड काढून त्याच्यापुढे उलगडलं.

"सर, याची मुदत पंधरा दिवसांची होती," तो शांतपणे म्हणाला. "संपून आठवडा झाला. मुदत लिहून द्या म्हणून तुम्हीच मागे लागला होतात."

ते खरं होतं. त्या एका ओळीसाठी मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो होतो.

"सर, आजचा रेट हा आहे. उद्या याच्याहून जास्त असेल. मी खोटं सांगत नाही."

माझ्या खिशात पैसे होते. दुप्पट दर असता तरी पुरले असते. पण माझी मान हलेना. मंजूर दरापेक्षा दीडपट! असली खरेदी मी आयुष्यात केली नव्हती. "दिवाळीनंतर उतरतील," मी म्हणालो आणि रिकाम्या हातानं दुकानाबाहेर पडलो. वाटेत मला बरंसुद्धा वाटत होतं. फसलो नाही म्हणून.

घरी श्रुतीनं टेबलावर जुनी चादर अंथरली होती. मशीनचं झाकण काढून, आतली धूळ पुसून, स्क्रू एका वाटीत ठेवून ती वाट बघत होती. तिनं आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"अवाच्या सवा दर वाढवलेत," मी म्हणालो. "मी सोडून आलो."

तिनं स्क्रूंची वाटी बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मंगळवारी द्यायचंय."

त्यानंतरचा तास मला आठवावासा वाटत नाही. तिनं दिपेशला फोन लावला. मी निघाल्यावर थोड्याच वेळात ती पाकिटं दुसऱ्यानं नेली होती. ऑनलाइन सगळीकडे भाऊबीजेनंतरची तारीख दाखवत होते. शेवटी मान खाली घालून मी सुगतचा नंबर दिला. तिनं फोन स्पीकरवर टाकला होता. "काल काका नको बोल्ले ना मॅडम," तो म्हणाला, "दुपारीच एकजन घेऊन गेला. सॉरी हां." त्याच्या आवाजात जरासुद्धा टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

श्रुतीनं झाकण लावलं आणि आठ जीबीवर काम सुरू केलं. चार हजार झाडं लावली की मशीन मान टाकायचं. तिनं तीन हजार केली. मग दोन. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी आम्ही उठलो तर ती मशीनसमोरच होती. स्मितानं तिथंच उभं राहून तिच्या केसांना तेल लावलं, आणि ती एका हातानं झाडं कमी करत राहिली. मंगळवारी जे चित्र गेलं त्यात आठशे झाडं होती. वाचनालय सुंदर होतं, मी पाहिलं. लाकडाच्या खिडकीतून येणारा उजेडसुद्धा तिनं केला होता.

आठवड्यानं उत्तर आलं. काम सफाईदार आहे, पण जंगल विरळ वाटलं, म्हणून दुसऱ्या एकाला घेत आहोत. फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. तिनं ते आम्हाला मराठीत वाचून दाखवलं, आणि त्याच आठवड्यात हैदराबादला होकार कळवला. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ती गेली, मशीन घरीच ठेवून. मधल्या सगळ्या दिवसांत ती मला एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. ती सात वाजता आली की माझ्या खोलीत डोकावून "जेवलात का बाबा?" असं विचारायची आणि बॅगा भरायला जायची.

दिवाळीनंतर दर उतरतील, म्हणालो होतो. ते उतरले नाहीत. नोव्हेंबरात दुप्पट झाले, जानेवारीत तिप्पट. जगात कुठेकुठे म्हणे मोठाली कॉम्प्युटर केंद्रं उभी राहतायत आणि सगळी रॅम तीच गिळतायत. पेपरात रोज येत होतं, आणि स्मिता तो पेपर माझ्यापुढे न ठेवता घडी करून ठेवायची.

फेब्रुवारीत एके दिवशी मी उठलो, वाशीला गेलो आणि दिपेशकडून सोळा-सोळाच्या दोन रॅम घेऊन आलो. तिप्पट दरानं. एकही कोटेशन नाही, तक्ता नाही, घासाघीस नाही. दिपेशसुद्धा माझ्याकडे बघत राहिला. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात तसलं हे, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात एक बेत होता. मशीन तयार ठेवायचं. श्रुतीला फोन करायचा. नॉर्वेवाल्यांना पुन्हा विचार म्हणायचं, ते नाहीतर दुसरे कुणी असतील, आणि तू घरी ये म्हणायचं.

मी चादर अंथरली. जुनी रॅम काढली, नव्या दोन बसवल्या, आतलं सेटिंग चालू केलं. पडद्यावर बत्तीसशे आकडा आला. सगळं बरोबर आलं होतं. मी एकटाच टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात स्मिता चहा घेऊन आली आणि टेबलावरचं रिकामं पाकीट हातात घेऊन बघत राहिली.

"तेव्हाही असलंच होतं," ती म्हणाली.

"केव्हा?"

ती पटकन पाकीट ठेवून वळली. मी म्हणालो, "स्मिता, केव्हा?"

"जूनमध्ये," ती पाठमोरीच म्हणाली. "तिनं मागवली होती हो. तुम्ही लॅमिंग्टन रोडला गेला होतात त्या दिवशी पार्सल आलं. तुम्ही यायच्या आत बसवून टाकते म्हणाली, स्क्रू ड्रायव्हर शोधत होती. तेवढ्यात तुम्ही आलात. घामानं निथळत होतात, आणि दारातूनच ओरडलात, 'श्रुती, गाडीत भागाकार जुळला! दोन्ही सारख्याच निघाल्या गं, दहा नॅनोसेकंद!' तिनं ते पाकीट ओढणीखाली घेतलं आणि तुमच्याशेजारी येऊन बसली."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी परत पाठवून दिलं. मी ओरडले तिला. तर म्हणाली, 'आई, राहू दे. रिटायर झाल्यापासून बाबा पहिल्यांदा इतके खुशीत आहेत. माझं काय, चाललंय तसं चालेल थोडे दिवस.'"

चहा निवला. स्मिता तो घेऊन गेली आणि दुसरा घेऊन आली, तोही निवला. मी समजत होतो की त्या संध्याकाळी पोरगी माझ्याकडून काहीतरी घेण्यासाठी थांबली होती. ती मला देत होती. रोज एक तास, ऑफिसातून थकून येऊन, मशीन अडलेलं असताना. आणि धनत्रयोदशीच्या आधी माझा तक्ता बघून 'किती छान केलंय' म्हणाली, तेव्हासुद्धा तेच. एका म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून माझ्या मुलीनं स्वतःचं काम मोडू दिलं, आणि मी कशाच्या नादात होतो तर सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या.

संध्याकाळी मी तिला फोन केला. पहिल्यांदा तिनं तिकडचा उकाडा सांगितला, मेसचं जेवण सांगितलं. मग मी म्हणालो, "आईनं मला जूनचं सांगितलं."

"आई पण ना," ती म्हणाली.

"चुकलं माझं, श्रुती." हे वाक्य मी घरात कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

"बाबा, असं नका म्हणू. मलाही मजा येत होती."

"आज मी रॅम आणली. सोळा-सोळाच्या दोन. बसवल्यासुद्धा. चार हजार झाडं सहज पेलतील बघ. तू परत ये. त्या लोकांना पुन्हा विचार. मशीन तयार आहे."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "आले," ती तिकडे म्हणाली. मग फोन तोंडाजवळ आणून, अगदी मायेनं, लहान मुलाला समजवावं तशी ती म्हणाली, "बाबा, थांबायचं तेव्हा मी थांबले ना. आता इथं काम चांगलं लागलंय. त्या काढा आणि विकून टाका. आत्ता भाव चांगला येईल त्यांना."

भाव खरंच चांगला आला असता. दिपेश दुसऱ्या दिवशी तेच म्हणाला. पण मी नुसता भाव विचारून परत आलो.